सरळ बसायचा अर्धा तास

“तुमच्यावर मनापासून राग असलेली माणसं किती आहेत?” डॉक्टर नाझनीन खतीब यांनी विचारलं.

सर्वेश नेरूरकरच्या अंगात एकशे तीन ताप होता, डोळे लाल झाले होते आणि पोटऱ्या कोणी पिळून दोरीवर टाकल्यासारख्या दुखत होत्या. तशाही अवस्थेत तो प्रामाणिकपणे बोटं मोजायला लागला. तो दुसऱ्या हातावर गेला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बास. वाचलात तुम्ही.”

सन दोन हजार त्रेचाळीसमध्ये कुडाळ तालुक्यात माणसाचा जीव त्याच्यावर खार खाऊन असलेल्यांच्या हातात होता. हे कसं झालं ते आधी सांगायला हवं.

सर्वेश पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. एका बागेत मोटारीच्या खड्ड्यात उतरला, टाचेला पत्र्याचा काप होता, आणि त्या चिखलात त्याच्या आधी उंदीर फिरून, आपला विधी उरकून गेले होते. आठवड्याभरात ताप. लेप्टो. कोकणात या तापाचं नवल नाही, आणि त्यावरचं औषधही जुनंच, डॉक्सीसायक्लिन. एके काळी ही गोळी कुडाळात खाऱ्या दाण्यांसारखी मिळे. तोंडावर मुरमं आली, डॉक्सी. कॉलरा, डॉक्सी. भाताच्या चिखलात उतरायचंय, आठवड्याला डॉक्सी. सर्दी झाली, जिच्यावर तिचा काडीचा उपयोग नाही, तरी डॉक्सी, कारण घरात उरली होती.

लेप्टोचे जंतू तसे साधेभोळे. गोळी आली की मरत. पण आपल्या पोटात दुसरे अब्जावधी जंतू बिऱ्हाड करून असतात, आणि येणारी प्रत्येक गोळी ते बघत होते. त्यांनी अंगात पंप बसवून घेतला. औषध आत आलं रे आलं की बाहेर उपसून टाकायचं. वर या पंपाचा नकाशा ते एकमेकांना वाटत, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही. बघता बघता अर्ध्या रोगांवर डॉक्सी म्हणजे नुसता खडू झाली.

मग संशोधकांनी एक मोजमाप केलं. पंप चालवायला ताकद लागते. औषधच नसेल, तर पंपवाला जंतू उगाच कोरडी मोटार चालू ठेवून दमतो आणि बिनपंपाचे त्याला मागे टाकतात. म्हणून तालुक्यातालुक्याने औषधाचा उपास धरला. सात वर्षं कुडाळात कोणी डॉक्सी घेतली नाही. गटाराच्या पाण्यात दर सोमवारी पंपाचे नकाशे मोजले जात. ते जवळजवळ शून्यावर आले तेव्हा डॉक्सी परत आली, पण मोजून. ज्याला खरंच हवी त्यालाच, आणि ज्याला दिली त्याने घेतलीच पाहिजे.

हे सगळं समजावून सांगताना डॉक्टरांना साधारण वीस मिनिटं लागत. सर्वेशला दोन लागली. “कोरडी मोटार जळतेच,” तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे जरा आदराने पाहिलं. तो आदर फार टिकायचा नव्हता.

गोळी घेतली की नाही हे बघायला आधी यंत्रं लावली होती. लोकांनी ती आठवड्यात गुंडाळली. एकाने गोळी गिळणाऱ्या तोंडाचं जुनंच चित्रण सहा दिवस दाखवलं. एकाने जुळा भाऊ बसवला. तेव्हा ठरलं की समोर साक्षीदार हवा, जिवंत. पण साक्षीदार खोटं बोलतात. बायका नवऱ्यासाठी बोलतात, शेजारी वाद नको म्हणून बोलतात, आणि आयांची आकडेवारी सरकारने शेवटपर्यंत जाहीर केली नाही. म्हणून साक्षीदार यंत्र निवडू लागलं. फोन, निरोप, कोर्टाचे कागद, कोण कोणाच्या लग्नाला गेलं नाही, हे सगळं चाळून ते एक अंतर-अंक काढी. अमुक माणूस तुमच्यासाठी खोटं बोलण्याची शक्यता जितकी कमी, तितका अंक मोठा. पलीकडच्या गावातल्या एका सज्जन गृहस्थांबद्दल कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. त्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा गोव्याच्या हद्दीतून एक अनोळखी मनुष्य आणावा लागला, आणि तोही दोन दिवसांत त्यांचा मित्र झाला.

डॉक्टरीणबाईंनी यादी उघडली. “दत्ताराम खोत, अंक पंच्याण्णव.”

“आमचे पी.टी.चे सर,” सर्वेश म्हणाला. “त्यांची विहिरीची मोटार मी उघडून ठेवलीये.”

“कधी?”

“सहा वर्षं झाली.”

“पण ते यादीत दुसरे आहेत. पहिलं नाव वृषाली पालव. अंक सत्त्याण्णव. या कोण?”

सर्वेशचा ताप त्या क्षणी थोडा वाढला असावा. “माझी बायको,” तो म्हणाला, आणि मग, “होती.”

डॉक्टरीणबाईंनी नियम वाचून दाखवले. दिवसातून दोन गोळ्या, सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात. भरपूर पाण्याबरोबर. उन्हात फिरायचं नाही, या औषधावर कातडी पटकन भाजते. गोळीच्या आगेमागे दोन तास दूध, लोहाच्या गोळ्या, पित्तावरची पावडर काही नाही, नाहीतर औषध अंगी लागत नाही. घरात गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं पोर असेल तर त्यांच्या हाती लागू द्यायची नाही, पोरांचे दात कायमचे पिवळे होतात. “आणि सगळ्यात महत्त्वाचं. गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते. म्हणून साक्षीदार अर्धा तास समोर बसतो. दोघांनी सरळ बसायचं.”

“सात दिवस?”

“चौदा वेळा. रोज रक्ताचा थेंब तपासू. जंतू लवकर संपले तर लवकर थांबवू. उगाच एक गोळी जास्त नाही.”

चौदा अर्धे तास म्हणजे सात तास. गेल्या चार वर्षांत वृषाली त्याच्याशी एकूण सव्वा मिनिट बोलली होती, तेही वकिलादेखत.

*

ती पहिल्या दिवशी साडेसातला पाच मिनिटं असताना आली. पिंगुळीला तिची रोपवाटिका होती, नखांत माती होती. सरकारी नोटिशीत नकाराचं कारण लिहायला चार ओळी सोडलेल्या असतात. तिने त्या कोऱ्या ठेवल्या होत्या. पण हे सर्वेशला माहीत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती.

“गोळी घे,” ती म्हणाली.

टेबलावर सरकारी डबी होती. वृषालीने अंगठा टेकवला, डबीने एक गोळी सोडली आणि तीस मिनिटांचं घड्याळ सुरू केलं. सर्वेशने गोळी तोंडात टाकली, पेलाभर पाणी प्यायला.

“आ कर.”

त्याने आ केलं. तिने नियमाप्रमाणे विजेरीने तोंडात पाहिलं, जीभ वर, जीभ खाली, दोन्ही गाल. नऊ वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे इतकं निरखून पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

मग दोघं सरळ बसली.

आतून आई आली, चहाचा टोप हातात घेऊन. सर्वेशने मान हलवली. “दूध चालत नाही, आई. दोन तास.”

“तुका नाय. तिका.”

“साक्षीदारानेही काही घ्यायचं नाही. रुग्णाला मोह होतो म्हणून.”

“अर्धो तास मानूस घरात बसतला आणि त्येका चाय नाय?” आई टोपासकट उभी राहिली. “ह्या खंयचा औषध?”

वृषाली तिच्याकडे बघून काहीतरी म्हणणार होती, पण तिला संबोधनच सापडेना. नऊ वर्षं ती या बाईला आई म्हणत आली होती. आता आई म्हणावं तर कागदावर नातं नाही, आणि काकी म्हणावं तर जीभ वळत नाही. शेवटी ती टोपाकडे बघून म्हणाली, “राहू दे.”

सर्वेशच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. ती पुस्तकी मराठीत बोलत होती. या घरात गोडीगुलाबी असे तेव्हा मालवणी चाले, आणि भांडण झालं की दोघंही बातम्या देणाऱ्यांसारखी शुद्ध बोलायला लागत. सध्या बातम्याच चालू होत्या.

वृषालीची नजर स्वयंपाकघराकडे गेली. तिथे पूर्वेच्या भिंतीला माणूस आरपार जाईल एवढं भोक होतं, आणि त्यावर निळं प्लास्टिक फडफडत होतं.

“अजून?” ती म्हणाली.

तिला स्वयंपाकघरात खिडकी हवी होती. सर्वेशने एका रविवारी मोठ्या उत्साहाने भिंत फोडली. त्यालाही आता सहा वर्षं होत आली. भिंत फोडायला आवडतं अशी काही माणसं असतात. सर्वेशच्या आयुष्यात सगळंच असं होतं. अर्धा पोहायला शिकला होता, म्हणजे नदीच्या मध्यापर्यंत जाता येत होतं.

“करणारच होतो,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली, आणि उरलेली सव्वीस मिनिटं दोघांनी डबीकडे पाहिलं.

*

तीन दिवसांत ताप उतरला. पोटऱ्या स्वतःच्या वाटायला लागल्या. सर्वेश बोलायलाही लागला, आणि बोलायला लागला की त्याचं एकच ठरलेलं असे. वृषालीने “नर्सरीत यंदा कोकमाची कलमं...” म्हटलं की तो “कळलं, कळलं” म्हणून पुढचं स्वतःच सांगी आणि तिथून आपल्या पंपांवर येई. सहा बैठकांत तिची एकूण आठ वाक्यं झाली, त्यातली सहा अर्धी.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाजात आनंद होता. “रक्त फार छान आहे. आज-उद्या असंच राहिलं तर उद्या संध्याकाळची गोळी शेवटची. पाच दिवसांत मोकळे!”

“आणि उरलेल्या चार?”

“परत घेऊ. विज्ञान पुढे गेलंय, नेरूरकर. उगाच जास्त द्यायच्या नाहीत.”

सर्वेशने फोन ठेवला आणि पंप दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्याने हिशेब मांडला. चार बैठका, दोन तास. विज्ञान पुढे गेलं म्हणून त्याचे दोन तास जाणार होते. त्यानंतर ती पिंगुळीला, तो इथे, मध्ये सहा किलोमीटर रस्ता आणि तिथे जायला एकही सरकारी कारण नाही. त्याने असाही विचार केला की टाचेला पुन्हा कापून घेऊन कुठल्या खड्ड्यात उतरावं. मग त्याला त्याहून सोपी आणि त्याहून वाईट कल्पना सुचली.

त्या संध्याकाळी त्याने गोळी जिभेवर ठेवली, गालात सरकवली आणि पाणी प्यायला. नशीब असं की नेमकी त्या दिवशी वृषाली “आ कर” म्हणायला विसरली.

घड्याळ सुरू झालं. सर्वेश विजयी मुद्रेने सरळ बसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तोंड उघडता येत नाही. नव्या गोळ्यांवर जाड आवरण असे, तोंडात ते टिके, पण बोलायला गेलं की गोळी दातावर टकटक करे. अर्धा तास त्याने चोरून मिळवला होता आणि त्यात एक शब्द बोलायची सोय नव्हती.

वृषालीने थोडा वेळ वाट पाहिली. पंपांची गोष्ट येईना. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग निळ्या प्लास्टिककडे.

“कोकमाची कलमं,” ती म्हणाली, आणि थांबली, सवयीने. कोणी कळलं म्हणालं नाही. तेव्हा तिने सांगितलं की यंदा चाळीस कलमं जगली, कशी जगली, कोणत्या एकाला तिने रोज सकाळी नाव घेऊन शिव्या दिल्या आणि तेच सगळ्यात उंच झालं. वाक्य पुरं झालं. तिने दुसरं सुरू केलं, तेही पुरं झालं. तीस मिनिटांनी डबी वाजली तेव्हा दोघंही दचकली.

ती गेल्यावर सर्वेशने गोळी मागच्या पडवीत वॉशरच्या डब्यात टाकली. मातीत टाकली नाही, मातीतले जंतू शिकतात. नियम मोडायचाच तर तो निदान नियमाने मोडावा, असं त्याचं मत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी तेच. संध्याकाळी तेच. ती रोज “आ कर” विसरत होती आणि तो रोज नशिबाचे आभार मानत होता. तिने सांगितलं की तिला पहाटे वांगी उकडल्याचा वास आला की माहेरची चूल आठवते. तिने सांगितलं की घटस्फोटाच्या कागदावर सही करताना वकिलाचं पेन चालेना, आणि तिला क्षणभर बरं वाटलं, आणि मग वकिलाने दुसरं पेन काढलं. सर्वेशला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं ही बाई अर्ध्या वाक्यांत राहत होती आणि उरलेली अर्धी कुठेतरी साठवत होती. तो सरळ बसून ऐकत होता, आणि त्याच्या गालात औषध, रक्तात जंतू, दोन्ही आपापल्या जागी शाबूत होते.

सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंच्या आवाजात आनंद नव्हता. “रक्त बिघडलंय. ताप?”

“थोडासा,” सर्वेश म्हणाला. एकशे एक होता.

“गोळ्या चालू ठेवा. एकही चुकवू नका.”

“नाही,” तो म्हणाला. बैठका वाचल्या होत्या.

त्या संध्याकाळी वृषाली उशिरा आली, साडेसातला एकच मिनिट असताना. अंगठा टेकवला, बसली, आणि बराच वेळ नखांतली माती काढत राहिली. आई आत भांडी लावत होती. घड्याळात अकरा मिनिटं उरली तेव्हा ती म्हणाली, “मी गेले त्या दिवसाचं तुला सांगितलं नाही कधी.”

सर्वेशने मान हलवली. नाही.

“तुला वाटतं मी खिडकीमुळे गेले. सगळ्या गावाला तेच वाटतं. मी स्टँडवर गेले, बॅग घेऊन. माझी गाडी आली, मी चढले नाही. दुसरी आली, तीपण सोडली. मला वाटत होतं तू येशील. आणि तू आलास, सर्वेश. समोरून आलास, मोटरसायकल लावलीस. आणि माझ्यासमोरून पार्सलच्या खिडकीवर गेलास. बेअरिंगचं खोकं घेतलंस. आणि गेलास.”

ती डबीकडे बघत होती. बातम्यांची भाषा कुठे गेली ते तिलाही कळलं नसावं.

“माका वाटला,” ती म्हणाली, “तू माका न्हेवक इलस.”

सर्वेशला काहीतरी बोलायचं होतं. चार वर्षं बोलायचं होतं. एकच वाक्य होतं आणि ते आत्ता, या मिनिटाला बोलायला हवं होतं, आणि गालात गोळी होती. एकोणीस मिनिटांत तिचं आवरण चिकट होऊन आलं होतं. पेल्यात पाणी नव्हतं. त्याने गोळी कोरडीच गिळली.

ती छातीच्या मध्यावर जाऊन चिकटली. त्याने तोंड उघडलं. आतून एक निखारा वर आला आणि वाक्य त्याच्या मागे अडकलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आली. वृषाली त्याच्याकडे बघत राहिली, अकरा मिनिटं. डबी वाजली. ती उठली, चपला घातल्या आणि गेली.

छातीवर हात ठेवून सर्वेश आडवा झाला. ही त्याची त्या संध्याकाळची दुसरी चूक.

*

सकाळी त्याला थुंकीसुद्धा गिळता येईना. आईला वाटलं हृदयाचं काहीतरी झालं. तिने सगळ्या देवांना एकदम गाऱ्हाणं घातलं आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी बारीक कॅमेरा घशातून आत उतरवला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. गुलाबी नळीत मधोमध एक पांढुरका चट्टा होता. “गोळी अडकून भाजलंय. पाण्याशिवाय गिळली आणि आडवे झालात. बरोबर?”

सर्वेशने मान डोलावली.

“हे भरून येईल. दुसरं ऐका.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “रक्तात जंतू परत वाढलेत, मूत्रपिंडावर ताण आहे. म्हणजे दोनातलं एक. एकतर गोळ्या पोटात गेल्या नाहीत, किंवा गेल्या आणि चालल्या नाहीत. चालल्या नसतील, तर कुडाळात जंतूंनी पंप पुन्हा बसवलाय, असा अर्थ होतो. मग तालुका उद्यापासून उपासाला. सात वर्षं. भातलावणी पंधरा दिवसांवर आलीये, नेरूरकर. शंभरेक माणसं याच तापाने इथे येतील, आणि बाकीची औषधं आधीच उपासाला बसलीत.”

सर्वेशने हाताने कागद मागितला आणि लिहिलं, ‘मी गिळल्या नाहीत. वॉशरच्या डब्यात आहेत.’

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरून तो दोन मिनिटांचा आदर निघून गेला. “रुग्णाचा शब्द धरत नाहीत. धरत असते तर साक्षीदार कशाला नेमला असता? डब्यातल्या गोळ्या तुमच्याच, हेही तिनेच सांगायला हवं. दुपारी दोनपर्यंत तिचा अहवाल यायचाय. तिने तुम्हाला वाचवायला ‘गिळल्या’ म्हटलं, तर तालुका बंद. ‘लबाडी केली’ म्हटलं, तर तुम्ही पाच वर्षं औषधाच्या यादीबाहेर. पुढच्या खड्ड्यात काय चावेल त्याला औषध नाही.”

सर्वेशने लिहिलं, ‘लबाडी म्हणू दे.’ मग त्याखाली लिहिलं, ‘तिला सांगा.’

“साक्षीदाराला काही सांगायचं नसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि शिरेतून औषध सुरू केलं.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी तो उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला, मग पडदा त्याच्यासमोर धरला.

‘चौथ्या दिवसाच्या संध्याकाळपासून रुग्णाने गोळ्या गिळल्या नाहीत. औषधाचा दोष नाही. रुग्ण बोलेना तेव्हा पहिल्याच मिनिटाला मला कळलं. हा मनुष्य तोंडात काही असल्याशिवाय गप्प बसत नाही. मी मुद्दाम तोंड उघडायला सांगितलं नाही. मला अर्धा तास हवा होता. त्याला त्रास होईल हे मला कळायला हवं होतं. दोष साक्षीदाराचा.’

नियम असा होता की साक्षीदाराने जाणूनबुजून तपासणी टाळली, तर शिक्षा साक्षीदाराला, आणि रुग्णाला एकवार माफी. तालुका वाचला. सर्वेश वाचला. वृषाली पालव हिचं नाव साक्षीदारांच्या यादीतून कायमचं गेलं आणि पिंगुळीच्या पंचायतीच्या फळ्यावर लागलं. पक्षपाती साक्षीदार, आणि पुढच्या रकान्यात, कोणाच्या बाजूने, सर्वेश नेरूरकर. फळ्यावरची नावं महिनाभर पुसत नाहीत.

*

तीन दिवसांनी त्याला घरी सोडलं. उरलेल्या चार दिवसांचं औषध पाण्यात विरघळवून घ्यायचं होतं. साक्षीदार, यादीतले दुसरे, खोत सर.

“पाठ सरळ!” सर दारातूनच ओरडले. या कामासाठी त्यांच्याइतका लायक माणूस जिल्ह्यात नव्हता. “हनुवटी वर! आ कर!”

सर्वेशने आ केलं.

“मोठा!”

सरांनी विजेरी मारून तोंड पाहिलं, असमाधानाने. मग ते बसले, आणि तीस मिनिटांत एकदाच बोलले. “माझी मोटार.”

दुसऱ्या बैठकीतही तेच बोलले. तिसऱ्या बैठकीनंतर सर्वेश लांब बाह्यांचा सदरा घालून, आईची छत्री धरून त्यांच्या विहिरीवर गेला आणि मोटार जोडून आला. चौथ्या बैठकीला सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी गडबड झाली होती. ते “पाठ सरळ” म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. सर्वेशला काळजी वाटली. असंच चाललं तर पुढच्या तापाला आपल्यासाठीही गोव्याहून माणूस आणावा लागेल.

दुपारची ऊन टाळायची वेळ तो स्वयंपाकघरात काढी. प्लास्टिक काढलं. विटा नीट केल्या. खिडकीची चौकट सहा वर्षं पडवीत उभी होती, तिच्यावर कोळ्यांची तिसरी पिढी राहत होती. तिला पुसून बसवली. आई जाता येता चौकटीला हात लावून बघत होती, खरी आहे का ते.

वृषालीचा निरोप नव्हता. त्याने चार वेळा फोन हातात घेतला आणि चार वेळा ठेवला. अर्ध्यावर ठेवायची सवय अशी लगेच जात नाही. रात्री झोपताना मात्र तो ती राहिलेली वाक्यं मनात पुरी करून बघे, आणि एकही तिच्यासारखं जमत नसे.

शेवटची मात्रा सकाळची होती. खोत सरांनी आ करायला लावलं, पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला म्हणाले, “ठीक.” आठ वाजता डबी वाजली आणि तिच्या पडद्यावर अक्षरं आली, ‘कोर्स पूर्ण’. सर्वेशने ती दोनदा वाचली. त्याच्या नावापुढे हा शब्द कोणी कधी लिहिला नव्हता. मग डबीने पुढच्या वेळेसाठी साक्षीदारांची नवी यादी दाखवली. सगळ्यात खाली एक ओळ करड्या अक्षरांत होती.

‘वृषाली पालव. अंतर-अंक ११. अपात्र. कारण: ही व्यक्ती आपल्यासाठी खोटं बोलू शकते.’

“काय आहे?” सरांनी चष्मा सावरत विचारलं.

“काही नाही, सर.”

सर गेल्यावर तो स्वयंपाकघरात उभा राहिला. चौकटीतून रस्ता दिसत होता. हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, की खिडकी झाली असती तर इथून रस्ता दिसला असता, वळणापर्यंत. वृषालीला माहीत असणार. म्हणूनच तिला इथेच हवी होती.

त्याने फोन घेतला आणि या वेळी ठेवला नाही. लिहिलं, ‘साडेनवाला दूध चालतं.’

उत्तर आलं नाही. साडेआठ झाले. नऊ झाले. आईने विचारलं, “कोण येता काय?” तो म्हणाला, “माहीत नाही.” आईने टोप काढला, बघितलं, आणि तीन कप पाणी घातलं.

सव्वानवाला वळणावर एक छत्री दिसली. चालण्यावरून त्याने ओळखली. ती खिडकीसमोर येऊन थांबली, रस्त्यावरच, आणि चौकटीकडे बघत राहिली.

“दारं बसायचीत अजून,” तो आतून म्हणाला. घशामुळे आवाज खरखरीत येत होता.

“दिसतंय.” तिने छत्री मिटली. “पिंगुळीत लोक मला थांबवून अभिनंदन करतात. एकाने पेढे मागितले.”

“आत ये ना.”

ती आली. टेबलाजवळच्या त्याच खुर्चीत बसली. डबी परत गेली होती, तिच्या जागी लाकडावर चौकोनी डाग होता.

“मला एक वाक्य पूर्ण करायचंय,” सर्वेश म्हणाला. “तुझं झालं, माझं राहिलं.”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पाठ ताठ केली. “अर्धा तास आहे माझ्याकडे.”

“त्या दिवशी बेअरिंग आलंच नव्हतं.”

वृषालीने मान वर केली.

“मी तुलाच न्यायला आलो होतो. तू दिसलीस. बॅगेवर हात ठेवून बसली होतीस. मधे दहा पावलं होती. पाच चाललो आणि... पुढची जमली नाहीत. म्हणून वळलो पार्सलच्या खिडकीकडे.”

“तुझ्या हातात खोकं होतं. मी पाहिलं.”

“रिकामं. तिथेच पडलेलं उचललं. काहीतरी न्यायला आलोय असं दिसायला हवं होतं.”

रस्त्यावरून कोणी सायकलवाला घंटी वाजवत गेला. तिने खिडकीकडे पाहिलं, तो वळणाआड जाईपर्यंत. ती कळलं म्हणाली नाही. सर्वेशनेही मधे काही घातलं नाही.

आतून आईने विचारलं, “दूध घालू काय गो? की आजूनय उपास आसा तुमचो?”

वृषालीने डोळे पुसले. नखांत अजून माती होती.

“घाला, आई,” ती म्हणाली.